पोटाकडचा दोरा

कोळंबी सोलताना आमच्या घरी आधी डोकं मोडतात, मग कवच उतरवतात आणि शेवटी पाठीवरून सुरीचं टोक फिरवून काळा दोरा ओढून काढतात. हा दोरा म्हणजे कोळंबीचं आतडं. हीच कोळंबी उताणी करून पोटाकडचं मांस अलगद बाजूला सारलं, तर तिथे दुसरा दोरा सापडतो. तो पांढुरका असतो, जाड्या सुताएवढा बारीक, आणि दर खंडाला त्याला एक इवलीशी गाठ असते. तो कुणी काढत नाही, कारण तो दाताखाली जाणवतच नाही. हा कोळंबीचा मज्जारज्जू.

पूर्वी प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला झुरळाच्या पोटातून हाच दोरा सुईने सोडवावा लागे. मेणाच्या ट्रेवर टाचलेलं झुरळ, वर पाणी, आणि त्या पाण्यात हळूहळू मोकळी होत जाणारी गाठींची माळ: छातीत तीन, पोटात सहा. या गाठींना गुच्छिका म्हणतात. डोक्यातला मेंदू अन्ननलिकेच्या वर, मज्जारज्जू तिच्या खाली आणि दोहोंना जोडणारे धागे नलिकेच्या दोन्ही अंगांनी, अशी ही रचना असते. म्हणजे घास मेंदूच्या कड्यातूनच खाली उतरतो. कोळी, विंचू, गोम, खेकडा, टोळ, मधमाशी या सगळ्या संधिपाद प्राण्यांत मूळ मांडणी हीच आहे. हा दोरा गर्भात कसा तयार होतो आणि ती रीत एका वंशातून दुसऱ्या वंशात कशी बदलत गेली, हा प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षं जुना आहे. गेल्या पंचवीस वर्षांत त्याला नवी धार आली. त्यात मोठा वाटा अँगेलिका स्टोलेवर्क यांचा आहे. जर्मनीत कलोन आणि माइन्झ, पुढे लंडनचं क्वीन मेरी विद्यापीठ अशा ठिकाणी राहून त्यांनी कोळ्यांची, वाणींची आणि कोळंबीच्या गोतातल्या डॅफ्नियांची अंडी तपासली. त्यांच्या कामाभोवती हा आढावा घेताना मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं: दोन प्राण्यांत साम्य दिसलं की लगेच नातं जुळवण्याचा मोह किती मोठा असतो आणि तो आवरण्यासाठी किती काम करावं लागतं, हे या शास्त्राने डोळ्यांसमोर घडताना दाखवलं.

पहिला मोह दोनशे वर्षांपूर्वीचा. आपला मज्जारज्जू पाठीत असतो, संधिपादांचा पोटाशी. १८२२ मध्ये पॅरिसच्या एत्येन जॉफ्रुआ सँ-हिलेर यांनी शेवंड चिरला आणि त्याचं चित्र उलटं धरून दाखवलं. उलट्या शेवंडात मज्जारज्जू वर आला, आतडं त्याच्या खाली आणि हृदय तळाला, म्हणजे जवळजवळ आपल्यासारखीच मांडणी. कणा असलेले आणि कणा नसलेले प्राणी एकाच आराखड्यावर बांधलेले आहेत, फक्त एक गट दुसऱ्याच्या मानाने उताणा आहे, असं त्यांनी मांडलं. जॉर्ज क्युव्हिए यांना हे अजिबात पटलं नाही. १८३० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत दोघांचा जाहीर वाद झाला. लोकांच्या लेखी क्युव्हिए जिंकले आणि उताण्या शेवंडाची कल्पना पुढची दीडशे वर्षं बाजूला पडली.

१९९० च्या दशकात ती परत आली, तीही जनुकांच्या वाटेने. फळमाशीच्या गर्भात पोटाकडच्या अंगाला ‘सॉग’ नावाचं एक जनुक काम करतं आणि तिथे मज्जासंस्था बनू देतं. बेडकाच्या गर्भात त्याचंच भावंड असलेलं ‘कॉर्डिन’ पाठीकडे काम करतं. दोघांचं काम एकच: मज्जाऊती बनण्याला अटकाव करणाऱ्या एका संदेश-प्रथिनाला थोपवून धरणं. माशीचं जनुक बेडकात घातलं तरी ते आपलं काम करतं आणि बेडकाचं माशीत घातलं तरी करतं. शरीराची वर-खाली बाजू कुठेतरी उलटली हे त्यामुळे मान्य करावंच लागतं. पण मज्जारज्जूच एक आहे का? २०१८ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेनच्या संशोधकांनी इतर अनेक अपृष्ठवंशी प्राणी तपासले. माशी आणि उंदीर या दोघांत मज्जारज्जूच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या पट्ट्या आखून देणारी जी जनुकं एका ओळीत दिसतात, ती या प्राण्यांत मज्जारज्जूशी जुळतच नाहीत, असं त्यांना आढळलं. म्हणजे एकत्रित मज्जारज्जू वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे घडला असण्याची शक्यता उरते. माझं मत असं की अक्ष उलटल्याचा पुरावा भक्कम आहे, दोऱ्याच्या एकपणाचा नाही.

आता संधिपादांच्या आत शिरू. प्रौढ प्राण्यांकडे पाहून इथे फार काही कळत नाही. झुरळाच्या गाठी सुट्या असतात. खेकड्यात शरीरातल्या सगळ्या गाठी सरकून छातीत एकच गोळा होतो. कोळ्यात तर मेंदू आणि मज्जारज्जू मिळून डोक्या-छातीच्या भागात अन्ननलिकेभोवती एक घट्ट ढेकूळ असतं. या तिघांची तुलना करायची कशी? पण त्याच कोळ्याचं अंडं योग्य वेळी पाहिलं, तर गर्भाच्या पट्टीवर दर खंडाला गुच्छिकांची वेगळी जोडी मांडलेली दिसते. पुढे जे मिसळून जातं ते गर्भात अजून सुटं असतं, म्हणून ही सगळी कथा अंड्यातच वाचावी लागते.

तिची पहिली ओळ १८९१ मध्ये विल्यम मॉर्टन व्हीलर यांनी वाचली. पुढे मुंग्यांच्या अभ्यासामुळे ते जगभर ओळखले गेले, पण तरुणपणी ते कीटकांचे गर्भ कापत होते. नाकतोड्याच्या कुळातल्या एका कीटकाच्या गर्भात त्यांना त्वचेच्या पदराखाली काही मोठ्या, गोल, ठसठशीत पेशी दिसल्या. प्रत्येकीच्या आतल्या अंगाला लहान पेशींची उतरंड लागलेली होती, जणू मोठी पेशी एकामागून एक कणी खाली टाकत असावी. या मोठ्या पेशींना न्यूरोब्लास्ट म्हणतात. मराठीत चेतापेशींची आई म्हटलं तर अर्थ चुकणार नाही.

१९७६ मध्ये मायकेल बेट यांनी टोळाच्या गर्भात या पेशींचा नकाशा काढला. एका खंडाच्या डाव्या अर्ध्यात ३०, उजव्या अर्ध्यात ३० आणि मध्यरेषेवर एक, अशा ६१ पेशी. गर्भ बदलला तरी संख्या तीच, रांगा त्याच आणि प्रत्येकीचा रांगेतला ठिकाणाही तोच. कोरी गुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नकाशावर पुढचं काम केलं आणि १९८४ मध्ये बेट यांच्यासह दाखवलं की टोळात ओळखलेल्या चेतापेशी फळमाशीच्या गर्भातही त्याच जागी, त्याच दिशेने तंतू पाठवत उगवतात. या दोन वंशांची ताटातूट होऊन तीस कोटींहून अधिक वर्षं झाली आहेत. एवढ्या काळात पंख, पाय, तोंड सगळं बदललं, आणि चेतापेशींची ही हजेरीपटावरची जागा बदलली नाही.

न्यूरोब्लास्ट ठरते कशी, हे माशीत सगळ्यात स्पष्ट कळलं. गर्भाच्या पोटाकडच्या पदरात पाच-सहा पेशींचा एक घोळका ‘अकीट-स्क्यूट’ गटाची जनुकं चालू करतो. घोळक्यातली प्रत्येक पेशी चेतापेशींची आई होऊ शकते. पण एखादी थोडी पुढे जाते, तिच्या पृष्ठभागावर ‘डेल्टा’ प्रथिन वाढतं. ते शेजारणींवरच्या ‘नॉच’ला भिडतं आणि शेजारणींची ती जनुकं बंद पडतात. त्या मग त्वचा होतात. निवडलेली पेशी पदरातून सुटून आत उतरते. गुडमन आणि ख्रिस डो यांनी १९८५ मध्ये टोळाच्या गर्भातली अशी निवडलेली पेशी लेसरने मारली, तेव्हा शेजारची पेशी त्वचा होण्याऐवजी तिच्या जागी उभी राहिली. नॉच नसलेल्या माशीच्या गर्भात तर कुणीच कुणाला थोपवत नाही. त्वचेचा जवळजवळ सगळा पदर मज्जाऊती होऊन बसतो आणि गर्भ मरतो. हे डोनाल्ड पोल्सन यांनी १९३० च्या दशकातच पाहिलं होतं, डेल्टा-नॉचचं काम उलगडण्याच्या कितीतरी आधी.

आत उतरलेली आई विषम वाटणी करते. मोठा भाग स्वतःकडे ठेवते, लहान भाग खाली सोडते, आणि त्या लहान पेशीबरोबर ‘प्रॉस्पेरो’ हे प्रथिन जातं. लहान पेशी साधारणतः एकदाच विभागते आणि दोन चेतापेशी तयार होतात. आई मात्र पुन्हा विभागायला मोकळी राहते. कोणत्या वेळी जन्मलेल्या पेशीने काय व्हायचं हे ठरवणारी जनुकं आईत पाळीपाळीने चालू-बंद होतात: आधी हंचबॅक, मग क्रुपेल, मग पीडीएम, मग कॅस्टर. हा क्रम डो यांच्याच प्रयोगशाळेने २००१ मध्ये सिद्ध केला. ठिकाण आणि वेळ, या दोन आकड्यांवर माशीच्या मज्जारज्जूतली प्रत्येक चेतापेशी ओळखता येते.

हे सगळं माशीत कळलं, कारण माशी पाळायला सोपी, पिढी दहा-बारा दिवसांची आणि उत्परिवर्तनांचा साठा शंभर वर्षांचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी माशीच्या वास आणि चवीच्या जनुकांचं काम उभं केलं. वेरोनिका रॉड्रिग्ज आणि के. विजयराघवन त्याच परंपरेतले, आणि तिचाच विस्तार पुढे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात झाला. माशीचं ऋण मोठं आहे. पण एकाच प्राण्याबद्दल इतकं कळलं की एक धोका आपोआप तयार होतो. त्याची रीत हीच सगळ्यांची रीत वाटू लागते. पाठ्यपुस्तकांत कितीतरी वर्षं ‘संधिपादांची मज्जासंस्था न्यूरोब्लास्टपासून बनते’ असं सरसकट लिहिलं जायचं. कोळ्यांचा विचार कुणी गांभीर्याने केलाच नव्हता.

स्टोलेवर्क यांनी तो केला. त्या वेळी त्या कलोन विद्यापीठात डीटहार्ड टाउट्झ यांच्या विभागात होत्या. प्राणी होता ‘क्युपिएनियस सालेई’, मध्य अमेरिकेतला मोठा भटका कोळी. तो जाळं विणत नाही. दिवसा केळीसारख्या रुंद पानांच्या बेचक्यात दडतो आणि रात्री शिकार करतो. त्यांनी त्याच्या गर्भातल्या पेशींच्या आतला ॲक्टिन नावाचा सांगाडा चमकेल असा रंग दिला आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पोटाकडचा पदर पाहिला. तिथे मोठी, गोल, एकटी पेशी कुठेच नव्हती. त्याऐवजी पदरावर चमकणारे ठिपके होते. प्रत्येक ठिपका म्हणजे पेशींच्या बारीक झालेल्या माना एकत्र आलेली जागा. खोलवर पाहिलं तर प्रत्येक ठिपक्याखाली पाच ते नऊ पेशी बाटलीच्या आकाराच्या झालेल्या. वर मान, खाली पोट, आणि सगळ्या मिळून एका खळग्यातून आत ओढल्या जाणाऱ्या. बाजारात कोथिंबिरीच्या काड्या देठाशी एकत्र बांधून जुडी करतात, तशा.

म्हणजे कोळ्यात निवड एकेका पेशीची होत नाही, जुडीची होते. पण जुड्यांची संख्या मोजली तेव्हा ती दर अर्ध्या खंडाला तीसच्या आसपास भरली आणि रांगा सात निघाल्या. कीटकांच्या न्यूरोब्लास्टही सात रांगांत असतात! जनुकं तपासली तर अकीट-स्क्यूटची भावंडं तिथेही हजर, डेल्टा आणि नॉच हजर, प्रॉस्पेरो हजर. २००१ आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात स्टोलेवर्क यांनी दाखवलं की डेल्टा-नॉचची ओढाताण कोळ्यातही चालते आणि ती बिघडवली तर जुड्या ठरलेल्या वेळी, ठरलेल्या लाटांत बनत नाहीत. फरक तिच्या निकालात आहे. माशीत निकाल असतो, ‘तू चेतापेशी, बाकीच्या त्वचा’. कोळ्यात पदराच्या त्या भागातल्या सगळ्याच पेशी कधी ना कधी मज्जासंस्थेत जातात. ओढाताण फक्त ठरवते कोण आधी आणि कोण नंतर. त्वचा मग कडेने वाढत येते आणि वरून झाकते.

मला या शोधातला हा भाग फार आवडतो. अवजारं तीच, नकाशा तोच आणि काम वेगळं. संधिपादांच्या मज्जासंस्थेचं मूळ एकच आहे हे त्यातून जितकं ठसतं, तितकं दोन प्राण्यांत सगळंच सारखं निघालं असतं तरी ठसलं नसतं.

पुढचं पाऊल साहजिक होतं, आणि तिथेच गुंता सुरू झाला. बहुपाद प्राण्यांत, म्हणजे वाणी आणि गोम यांच्यात काय होतं? पावसाळ्यात ओल्या भिंतीवर, वाटेवर दिसणारी, हात लावला की वेटोळं घालून नाण्यासारखी होणारी ती वाणी. कुठे तिला पैसा म्हणतात, आणि विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपं खाते म्हणून शेतकरी तिच्यावर चिडून असतात. शरीररचनेच्या जुन्या शास्त्रात वाणी आणि गोम कीटकांच्या सख्ख्या नातलग मानल्या जात. कीटकांसारखाच जबडा, कीटकांसारख्याच श्वासनळ्या. स्टोलेवर्क यांनी युरोपातल्या ‘ग्लोमेरिस’ या वाणीची अंडी २००३ मध्ये तपासली, मग ‘लिथोबियस’ ही गोम, आणि २००६ मध्ये एरिअल चिपमन यांच्याबरोबर समुद्रकाठची ‘स्ट्रिगामिया’ ही गोम. तिन्हींत न्यूरोब्लास्ट नाही. तिन्हींत जुड्या, कोळ्यासारख्या.

त्या काळात रेणूंवर आधारलेल्या वंशावळीही काही वेगळं सांगत होत्या. टाउट्झ आणि मार्कुस फ्रीडरिख यांनी १९९५ मध्ये रायबोसोमच्या डीएनएवरून कीटकांना कोळंबी-खेकड्यांच्या शेजारी बसवलं होतं आणि वाणी-गोमांना कोळ्यांच्या. कीटक आणि कवचधारी जवळचे, हे पुढे पक्कं ठरलं. वाणी आणि कोळी जवळचे, हे मात्र शरीराच्या बाकी सगळ्या खुणांच्या विरुद्ध जाणारं होतं, इतकं की या जोडीला कुणी ‘पॅराडॉक्सोपोडा’, म्हणजे विसंगत पायांचा गट, असं नाव दिलं. आता तिला गर्भातला पुरावा मिळत होता. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातले पॉल व्हिटिंग्टन आणि गेऑर्ग मायर यांनी त्यात भर घातली. त्यांनी मखमली अळी तपासली. ओनिकोफोरा गटातला हा मऊ, बिनकवचाचा, आखूड पायांचा प्राणी संधिपादांचा चुलतभाऊ. त्याच्या गर्भात चेतापेशींच्या आया एकेकट्या, विखुरलेल्या सुटतात, जुड्यांनी नाही. मग जुड्या ही वाणी आणि कोळी यांच्या सामाईक पूर्वजाने नव्याने काढलेली रीत असणार आणि म्हणून ते दोघे सख्खे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

जाता जाता: ही मखमली अळी आपल्याकडेही आहे. १९११-१२ च्या मोहिमेत स्टॅन्ली केम्प यांना ती अरुणाचलच्या सियांग खोऱ्यात सापडली, तिचं नाव ‘टिफ्लोपेरिपेटस विल्यमसोनाय’. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं ती कुणाच्या दृष्टीस पडली नव्हती. अलीकडेच भारतीय संशोधकांनी त्याच खोऱ्यातून तिला पुन्हा शोधून काढलं.

व्हिटिंग्टन आणि मायर यांचा निष्कर्ष नेटका होता, पण तो टिकला नाही. २०१० मध्ये जेरोम रेगियर आणि सहकाऱ्यांनी ७५ संधिपाद जातींची ६२ जनुकं एकत्र लावली. पुढच्या वर्षी ओमार रोटा-स्ताबेल्ली यांच्या गटाने आणखी मोठी सामग्री आणि मायक्रो-आरएनए तपासले. दोन्हींचं उत्तर एकच आलं: वाणी आणि गोमा जबडेवाल्यांच्या, म्हणजे कीटक-कवचधाऱ्यांच्याच बाजूला. कोळी बाहेरच्या शाखेवर. जुनी शरीररचना बरोबर होती, आणि गर्भातल्या जुड्यांमुळे दिसलेलं सख्खं नातं नव्हतंच.

मग जुड्यांचं काय? निरीक्षण चुकलेलं नव्हतं, वाचन चुकलं होतं. जुडीची रीत ही सगळ्या संधिपादांच्या पूर्वजाची जुनी रीत असावी. कोळ्यांनी ती ठेवली, वाणींनी ती ठेवली, आणि न्यूरोब्लास्ट ही कीटक आणि कवचधारी यांच्या वंशात नंतर आलेली नवी गोष्ट. दोन चुलत घरांनी आजीचं जुनं भांडं जपलं आणि मधल्या घराने नवं आणलं, म्हणून त्या दोन घरांना सख्खं म्हणता येत नाही. एका खुणेवरून नातं ठरवताना ती खूण जपलेली आहे की नव्याने घडलेली, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, आणि तो त्या एका खुणेकडे पाहून कधीच सुटत नाही. स्टोलेवर्क यांनी पहिल्यापासून ‘कीटकांपेक्षा कोळ्यांशी साम्य अधिक’ एवढंच जपून लिहिलं होतं. पुढे योआकिम एरिक्सन यांच्याबरोबर त्यांनी मखमली अळीचा मेंदू तपासला तेव्हाही, त्यातली रीत ना कीटकांशी जुळते ना कोळ्यांशी, असंच नोंदवलं. तो संयम मला त्यांच्या प्रत्येक शोधाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

कवचधाऱ्यांची गोष्टही सरळ नाही. वोल्फगांग डोले आणि गेरहार्ड शोल्ट्झ यांनी खेकड्या-कोळंबीच्या कुळातल्या अनेक प्राण्यांच्या गर्भात पेशी-पेशीची वंशावळ लिहून काढली. तिथे न्यूरोब्लास्ट आहेत, पण त्या आत उतरत नाहीत. पदरातच बसून खाली कण्या टाकतात. आणखी गंमत म्हणजे, काही न्यूरोब्लास्ट चेतापेशींना जन्म दिल्यानंतर पुन्हा त्वचेच्या पेशीही देतात. कीटकांत हे होत नाही, तिथे एकदा ठरलं की ठरलं. मग या दोन पेशी एकच आहेत का? पेट्रा उंगेरर आणि शोल्ट्झ यांनी २००८ मध्ये पाण्याकाठच्या ‘ऑर्केस्टिया’ या उड्या मारणाऱ्या कवचधाऱ्यात काही न्यूरोब्लास्टपासून थेट चेतापेशींपर्यंत वंश जोडला, आणि त्या चेतापेशी माशी-टोळातल्या ओळखीच्या चेतापेशींशी जुळल्या. २०११ मध्ये उंगेरर, एरिक्सन आणि स्टोलेवर्क यांनी गोड्या पाण्यातल्या डॅफ्नियातही न्यूरोब्लास्ट दाखवल्या. कीटक आणि कवचधारी यांचं नातं आता रेणूंतूनही आणि चेतापेशींतूनही पक्कं झालं आहे. १९७९ मध्ये जिल येगर यांना बहामाच्या पाण्याखालच्या गुहेत रेमिपीड नावाचे आंधळे पोहणारे कवचधारी सापडले होते. २००४ मध्ये त्यांचा मेंदू तपासला तेव्हा तो अपेक्षेपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा निघाला. आज कीटकांचे सर्वांत जवळचे कवचधारी म्हणून त्यांचंच नाव पुढे आहे.

डोक्याचा प्रश्न या शास्त्रातला सगळ्यात भांडखोर. कीटकाच्या मेंदूचे तीन भाग असतात आणि मधला भाग स्पर्शिकांचा. कोळी-विंचवांना स्पर्शिका नाहीत, तोंडाशी चेलिसेरा नावाचे चिमटे आहेत. म्हणून कित्येक दशकं मानलं गेलं की त्यांनी मेंदूचा मधला भाग गमावला. १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी कोळी आणि माइट यांच्यात, खंडांची ओळख ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांच्या सीमा आखल्या. चेलिसेराचा खंड स्पर्शिकेच्या खंडाशी बरोबर जुळला. काहीच हरवलेलं नव्हतं. विंचवाच्या तोंडाशी असलेले चेलिसेरा ज्या खंडावर आहेत, त्याच खंडावर झुरळाच्या लांब मिशा आहेत.

जीवाश्मांचं मी थोडक्यात सांगतो, कारण इथे उत्साह फार आणि खात्री कमी आहे. चीनमधल्या युनानच्या चेंगजियांगमध्ये सापडलेल्या सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वीच्या ‘फुक्सियानहुइया’त निकोलस स्ट्राउसफेल्ड आणि त्यांच्या चिनी-ब्रिटिश सहकाऱ्यांना २०१२ मध्ये मेंदूचा ठसा दिसला, तीन भागांचा. मऊ मज्जाऊती इतका काळ टिकेल का? २०१८ मध्ये काही संशोधकांनी हे ठसे कुजताना वाढलेल्या जिवाणूंच्या थराचे असू शकतात, असा आक्षेप घेतला. मला तो आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा वाटत नाही. पण कॅनडाच्या बर्जेस शेलमधल्या ‘स्टॅन्लेकॅरिस’चे, २०२२ मध्ये वर्णन केलेले, मज्जासंस्थेच्या खुणा असलेले ८४ नमुने पाहिले की शंका बरीच कमी होते. इतक्या नमुन्यांत एकच आकार पुन्हा पुन्हा त्याच जागी दिसतो. त्यात मेंदू दोनच भागांचा आहे. तिसरा भाग मागच्या खंडातून नंतर पुढे येऊन मिळाला असावा.

उत्क्रांती नेमकी कोणत्या खिळ्याला हात घालते, याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत स्वच्छ उदाहरण मधमाशीचं. फेलिक्स द्युजार्दां यांनी १८५० मध्ये कीटकांच्या मेंदूत देठावरच्या छत्रीसारखे दोन अवयव पाहिले आणि त्यांचा संबंध बुद्धीशी जोडला. आज आपल्याला माहीत आहे की आठवण आणि शिकणं यांत या ‘मशरूम बॉडी’चा मोठा वाटा आहे. फळमाशीच्या मेंदूच्या प्रत्येक अर्ध्यात या अवयवाच्या सुमारे दोन हजार मुख्य चेतापेशी, मधमाशीत सुमारे १,७०,०००. एवढा फरक कुठून आला? माशीत त्या सगळ्या पेशी चारच न्यूरोब्लास्ट बनवतात. मधमाशीत न्यूरोब्लास्ट आधी स्वतःच समान विभागून शेकडो होतात आणि मगच कामाला लागतात. पाकळ्यांसारखी पसरलेली ती भलीमोठी छत्री, फुलांचा रस्ता लक्षात ठेवणारी, मुळात विभाजनाच्या एका बदललेल्या सवयीतून आलेली आहे.

असा एकेक बदल मोजत गेलं की ‘कीटकांची रीत’ आणि ‘कोळ्यांची रीत’ अशी दोन खात्यांची वही पुरत नाही. स्टोलेवर्क यांनी २०१६ च्या आढाव्यात संधिपादांच्या चेताजननासाठी लवचीक अवजारसंच अशी भाषा वापरली, ती याच अनुभवातून. पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्याच्या न्यूरोब्लास्ट त्यांनी बिफर यांच्याबरोबर माशीशी पडताळून पाहिल्या, तेव्हा जागा जुळल्या, पण कितीतरी न्यूरोब्लास्टची जनुकांची ओळख बदललेली निघाली. कीटकांच्या आतही नकाशा तोच राहून नावं बदलतात.

आणि मग समुद्रकोळी. हे खरे कोळी नव्हेत, पण कोळ्यांच्या मोठ्या घराण्याच्या बुडाशी त्यांची फांदी फुटते. शरीर इतकं किरकोळ की सगळे पायच वाटावेत. आतडं मावत नाही म्हणून पायांत पसरलेलं असतं. गेऑर्ग ब्रेनाइस यांनी स्टोलेवर्क आणि शोल्ट्झ यांच्याबरोबर २०१३ मध्ये ‘स्यूडोपॅलीन’ या समुद्रकोळ्याच्या गर्भाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीला अपेक्षेप्रमाणे घडलं. पदरातून पुष्कळ पेशी आत सरकल्या, मोठी आई कुठेच नाही. पण याच गर्भात थोड्या काळाने दुसरा टप्पा सुरू झाला. पदराच्या पेशींमधून काही वेगळ्या दिसू लागल्या आणि विषम विभागून आतल्या बाजूला लहान पेशी टाकू लागल्या. कोळ्यांच्या घराण्यात, जिथे न्यूरोब्लास्ट नसतात असं दहा वर्षं मानलं गेलं होतं, तिथे न्यूरोब्लास्टसारखं काम करणाऱ्या पेशी होत्या: आतल्या बाजूला लहान पेशी टाकणाऱ्या, व्हीलर यांनी १८९१ मध्ये नाकतोड्याच्या कुळात पाहिलेल्या पेशींची आठवण करून देणाऱ्या.